गुढीला नाशीच्या कळ्या

२७ मार्च २००५, रविवार. इचिकावा, जपान

ताई म्हणाली, दिवसभर कुठे कुठे भटकतेस ते निदान लिहून ठेव, हरवलीस तर पोलिसांना दाखवता येईल. वही तिच्याच ऑफिसातली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक मांजर आहे आणि ते माझ्याकडेच बघतंय.

तर मी नुपूर. तेवीस पूर्ण. एस.वाय.पर्यंत गेले, पुढे कॉलेजनेही फार आग्रह केला नाही. मग हंपीला एका गेस्टहाउसात, मग मनालीला मोमोवाल्याकडे, मग गोव्यात मेणबत्त्या. फेब्रुवारीत इथे आले, व्हिसा वीस मेपर्यंत. आईचा हिशोब असा की ताईच्या सहवासात मुलगी सुधारेल. पण ताई सकाळी ऑफिसला जाते, अनुप जिजू तिच्याही आधी जातात आणि रात्री प्रोजेक्टसकट घरी येतात. मला सुधारायला घरात कोणी नसतंच.

मुद्द्याचं राहिलं. बस शेवटी कुठे जाते ते बघायला म्हणून बसले होते, तेव्हा इशिई-सानची बाग सापडली. नाशीची. नाशी म्हणजे आपल्या नासपातीची गोल, गुबगुबीत, रसाळ बहीण. झाडं द्राक्षाच्या मांडवासारखी तारांवर आडवी बांधलेली, खालून वाकून चालावं लागतं. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते, इशिई-साननी हातात दोरीचा गुंडा दिला. तेव्हापासून रोज जाते. फांद्या बांधायच्या, दुपारी जेवायचं. पगार वगैरे नाही, व्हिसात बसत नाही. इशिई-सान पंचाहत्तरीचे असतील, बोलतात फारच कमी. त्यांची सून कुमिको-सान लग्नाआधी विमान कंपनीत होती, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे.

आणि खरी बातमी. शेजारच्या उरायासूतल्या मंजुषाताई आपल्या मराठी बायकांना शनिवारी जलरंग शिकवतात. मी त्यांना म्हटलं, फुलांच्या फोटोवरून काय काढता, खऱ्या बागेत बसून काढा. कुमिको-सानमार्फत विचारलं, इशिई-सान हो म्हणाले. सतरा एप्रिल. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवलेल्या गोष्टीला तारीख आहे.

३ एप्रिल, रविवार

मंजुषाताईंचा फोन. "अगं, सतराला फुलं असतील ना नक्की? सहा जणी डबे घेऊन येणार, एकीने नवरा मुलांसाठी घरी ठेवलाय." मी म्हटलं, असतीलच. फोन ठेवून थेट बागेत गेले. इशिई-सानना विचारलं तर त्यांनी आभाळाकडे बघितलं. कुमिको-सानने भाषांतर केलं, "बाबा म्हणतात, फुलांना विचार."

आज कळ्या खुडायला शिकले. एका गुच्छात सात-आठ कळ्या, सगळ्या ठेवल्या तर फळं बारीक राहतात. अंगठ्याने टकटक खाली पाडायच्या. जमिनीवर सडा पडला. नेऊ का म्हणून खुणेने विचारलं तर इशिई-साननी हात हलवला, ने ने.

येताना मशिनमधून गरम कॉफीचा डबा घेतला आणि तो गालाला लावून चालताना एक स्टॉप पुढे गेले. ताई जेवायची थांबली होती. "भात निवला," एवढंच म्हणाली. ती बोलत का नाही सरळ, कळत नाही. मी घरी असले तर समोर बसून राहते, नुसती.

८ एप्रिल, शुक्रवार

उद्या पाडवा. आईने साखरेची गाठी पाठवलीय, जिजूंनी कपडे वाळवायची स्टीलची दांडी मोकळी केलीय. फुलं नाहीत. दुकानात शेवंती आहे, पण ताई म्हणाली, नको, ती इथे मयताला वाहतात.

म्हणून संध्याकाळी बागेत गेले. खुडलेल्या कळ्या चुरगळलेल्या होत्या. पण औजारांच्या शेडमागे एक एकटंच झाड आहे, मांडवाबाहेरचं. ना तारा, ना बांधाबांध, फांद्या कुंपणावरून रस्त्यावर आलेल्या. त्याच्या कळ्या बाकीच्यांच्या आधी फुगलेल्या, टपोऱ्या, मोगऱ्यासारख्या, सकाळी उमलतील अशा. आमच्या गल्लीत कुंपणाबाहेर आलेलं फूल जो लवकर उठेल त्याचं. आणि देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. इशिई-सान दिसले नाहीत, नाहीतर विचारलं असतं. बहुतेक विचारलं असतं.

हात पोचतो तिथवरच्या सगळ्या काढल्या. दोन पिशव्या भरल्या. एक स्टेशनवर मंजुषाताईंना दिली, त्या उरायासूत वाटतील. "सोनं आणलंस गं," म्हणाल्या. आमची माळ ताईने ओवली. तिची बोटं अजून तशीच चालतात, लहानपणीसारखी. दोघी गप्पा मारत बसलो. छान गेली संध्याकाळ.

९ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी झक्क. दुपारी काही कळ्या उमलल्या आणि जिजू म्हणाले, "गुढीला सुकटाचा वास येतोय, की मलाच भूक लागलीय?" वास खरंच तसाच आहे. इतकं देखणं फूल आणि वास बोंबलाचा. संध्याकाळी गुढी उतरवली. उरायासूहून चार घरांतून फोन आले. सगळ्या म्हणतात, पहिल्यांदा इथे पाडवा पाडव्यासारखा वाटला.

१० एप्रिल, रविवार

सकाळी गेले तर इशिई-सान त्या एकट्या झाडाला शिडी लावून उभे. शेंड्याच्या कळ्या एकेक करून टोपलीत. खाली सगळं बोडकं. मी कुमिको-सानला विचारलं, हे काय करतायत?

ती म्हणाली, हे परागाचं झाड. बागेतल्या बाकी झाडांना स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही. या झाडाचा लागतो. दर वर्षी उमलायच्या आत कळ्या काढायच्या, त्यातले पुंकेसर वेगळे करायचे, उबेत ठेवायचे, फुटून पिवळी पूड निघते. ती पूड बाकीच्या फुलांवर हाताने लावायची, फूलन् फूल. नाही लावली तर फुलं येतात, फळं येत नाहीत.

मी म्हटलं, मग विकत?

विकतचा पराग शेतकऱ्यांच्या संघाकडे हिवाळ्यातच सांगून ठेवावा लागतो. बाबांनी कधी सांगितला नाही, घरचं झाड आहे म्हणून. "यंदा शेंड्यावरचाच उरलाय. अर्ध्या बागेला पुरेल. बाबा म्हणतात, पक्ष्यांनी खाल्लं."

पक्ष्यांनी. इथे एक राखाडी पक्षी आहे, तो खरंच कळ्या खातो.

इशिई-साननी पक्षी हाकलायच्या चकचकीत पट्ट्या काढल्या आणि मी त्या बांधू लागले. दिवसभर माझ्याच गुन्ह्यासाठी पक्ष्यांना धमकावत होते.

अर्धी बाग म्हणजे त्यांचा अर्ध्या वर्षाचा संसार. आणि सतराला मी तिथे बायका आणणार, फुलं किती सुंदर म्हणायला.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी ठरवलं, सांगायचं. मग ठरवलं, नाही, तिकीट आधीचं करून निघून जायचं. ते मला जमतं, जाणं. मनालीहूनही मोमोवाल्याला न सांगताच आले होते.

शेवटी मंजुषाताईंना फोन केला, सतराचं रद्द करायला. कारण शोधत होते, तोंडातून खरंच निघालं. त्या म्हणाल्या, "माळ माझ्याकडे आहे अजून."

"म्हणजे?"

"निर्माल्य आहे ते. जाळायच्या कचऱ्यात कसं टाकणार? उद्या कचऱ्याची गाडी आहे, मी पिशवी दारापर्यंत नेली आणि परत आणली. बाल्कनीत थंडीत ठेवलीय. एखाद्या रविवारी नदीवर जाऊ म्हटलं. थांब, बाकीच्यांना विचारते."

कोणीही टाकलं नव्हतं. एकीने फ्रीजमध्ये, एकीने देवघरामागे. फक्त त्यांच्या वर्गातल्या कश्मिराने कुंडीत घातलं होतं, तिने ते परत वेचलं, मातीसकट. ताईकडची माळ तर गॅलरीत माझ्या डोक्यावरच लटकत होती आणि मी तिच्याखाली उभी राहून पळून जायचं ठरवत होते. थंडीमुळे कितीतरी फुलं अजून अर्धीच उमललेली.

मी म्हटलं, आधी पराग काढू, मग इशिई-सानना देताना सांगू.

मंजुषाताई म्हणाल्या, "आधी सांग. नाहीतर मी येत नाही."

गेले. कुमिको-सानला मध्ये घेतलं आणि सांगितलं. देव, गुढी, कुंपण, सगळं. तिने किती भाषांतर केलं माहीत नाही, मी खूप बोलले आणि ती थोडंच बोलली. इशिई-साननी झाडाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, वर केलेल्या. मी दाखवत होते ना, कुठवर पोचले ते. मग एक वाक्य. कुमिको-सान म्हणाली, "बाबा म्हणतात, पक्षी तुझ्याच उंचीचा असावा असं वाटलंच होतं."

हसले नाहीत. आत गेले, चाळणी आणि जाड कागद आणून माझ्या हातात कोंबले आणि वळून निघून गेले. म्हणजे परत येऊ नकोस असंच ना?

संध्याकाळी मंजुषाताई आणि कश्मिरा पिशव्या घेऊन घरी आल्या. कुमिको-सानही आली, दाखवायला. कोतात्सूवर, म्हणजे ते खाली हीटर लावलेलं बुटकं टेबल, त्यावर पेपर पसरला आणि मेथी निवडतात तशा बसलो. पाकळ्या एकीकडे, देठ एकीकडे, मधले लालसर ठिपके चाळणीखाली. कुमिको-सान बघतच राहिली. कश्मिरा म्हणाली, "सासरी सहा वर्षं तांदूळ निवडलेत हो, हे काय." ताई ऑफिसातून आली, पर्स तशीच खांद्याला, बसली. कोणी बोलावलंही नव्हतं.

कागद कोतात्सूखाली सरकवला. तिथे आधीच ताईचं दही विरजत होतं. ताई म्हणाली, दह्याला ऊब कमी पडली तर बघ.

१२ एप्रिल, मंगळवार

फुटले. सगळे नाहीत. पिवळी पूड, चिमूटभरापेक्षा थोडी जास्त, हळदीपेक्षा फिकी. दहीही लागलं.

बाटली घेऊन गेले. इशिई-साननी उन्हात धरून बघितली, "हं" म्हणाले. त्यात गुलाबी भुकटी मिसळली, पूड पुरवठ्याला यावी आणि कुठे लावली ते दिसावं म्हणून. मग उरलेल्या पाकळ्या-देठांच्या पिशवीकडे बोट. कुमिको-सानने निर्माल्याचं सांगितलं असणार. त्यांनी फावड्याने त्याच झाडाच्या बुंध्याशी खड्डा केला आणि पिशवी माझ्याकडून ओतून घेतली. वरून माती मी लोटली.

पण किती फुटलं, किती मेलं, हे कोणालाच सांगता येत नाही. फळ धरेपर्यंत कळणार नाही. बाटलीत नुसती पूडही असू शकते.

सतराचं विचारायची हिंमत झाली नाही. निघताना तेच म्हणाले, रविवारी या. बोलणं झालं होतं म्हणून पाळतायत बहुतेक.

१६ एप्रिल, शनिवार

अचानक उन्हाळा. सगळी बाग एकदम फुलली, डोक्यावर पांढरं छतच. कुमिको-सान धावतेय. नेहमी चार-पाच दिवसांत सावकाश होणारं काम, पण सोमवारी पाऊस आहे. ओल्या फुलाला पराग चालत नाही. जे व्हायचं ते उद्याच.

आणि उद्या मी पाहुण्या आणतेय. आता रद्द करणंही उशिराचं आहे. ताईला म्हटलं, तू तरी चल. म्हणाली, मला धुणं आहे.

१७ एप्रिल, रविवार

खांदे भरून आलेत, मान वर करून करून. तरी लिहिते.

बायका आल्या, टोप्या, बोर्ड, पाण्याच्या बाटल्या, पुरणपोळ्या. छताखाली शिरल्या आणि डबे हातातच धरून वर बघत राहिल्या. इशिई-सान आणि कुमिको-सान पहाटेपासून कामाला लागलेले, बांबूच्या काठीला पिसांचा गोंडा, तो पुडीत बुडवून फुलाफुलाला टेकवायचा. म्हातारे इशिई-सान, मान वर, हात वर. थोड्या वेळाने हात खाली येतो, ते तो दुसऱ्या हाताने परत वर करतात. मला वाटलं, ते त्यांचं तंत्र आहे.

मंजुषाताईंनी बोर्ड उघडला होता. तो मिटला. "हे असं दोघांनी किती वेळ चालणार आहे?"

मी म्हटलं, दिवसभर.

"मग आम्ही काय बसून त्यांचं चित्र काढायचं?"

गोंडे तीनच. मंजुषाताईंनी पाऊच उघडला आणि त्यातला जाड, मऊ केसांचा ब्रश काढला, जो त्या वर्गात कोणाला हातही लावू देत नाहीत. क्षणभर धरून ठेवला. मग गुलाबी पुडीत बुडवला. बाकीच्यांनीही आपापले काढले. कुमिको-सानने वडिलांना विचारलं. म्हणजे सासऱ्यांना. ते जवळ आले, मंजुषाताईंच्या मनगटाला हलकेच वर करून दाखवलं, टेकव, दाबू नको. आणि गेले.

इशिई-साननी शेवटच्या दोन रांगा मला दिल्या. बाकी बागेत शेंड्याचा आणि आमचा पराग मिसळून, या दोन रांगांना मात्र नुसता आमच्या बाटलीतला. आणि फांद्यांना लाल लोकरीचे तुकडे बांधत गेले. पुरावा. फळ नाही आलं तर कोणामुळे ते स्पष्ट दिसायला हवं.

दुपारी बघते तर कुंपणाशी ताई. बसने आली होती, एकटी, धुणं टाकून. सरळ माझ्या दुसऱ्या रांगेला लागली. मी भराभर पुढे. कश्मिराच्या मुलीने एक सुरवंट दाखवला, मी तिला मराठीत नाव विचारलं, तिने जपानीत काहीतरी सांगितलं, मग आम्ही त्याला घर केलं, मग मला आठवलं. कुठवर झालं होतं ते कळेना. गुलाबी दिसत होतं तिथून पुढे सुरू केलं.

चारच्या सुमाराला बाग संपली. तेव्हा बायकांनी बोर्ड उघडले. उजेड उतरत होता, हात गुलाबी, पोळ्यांवरही गुलाबी ठसे. सगळ्यांची चित्रं घाईची. मंजुषाताईंनी फुलं काढलीच नाहीत, नुसते वर केलेले हात काढले, बरेच. मला ते अपुरं वाटलं, पण इशिई-सान त्यासमोर सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले.

ब्रश धुताना मंजुषाताई म्हणाल्या, "गेला हा." त्याचे केस फिस्कटले होते. मी सॉरी म्हटलं. "तू काय सॉरी. बाग लागू दे."

२५ एप्रिल, सोमवार

पाकळ्या गेल्या. देठ तेवढे उभे. रोज बघते, काही कळत नाही. कुमिको-सान म्हणते, थांब. मला थांबायला सांगणं म्हणजे. जिजू रोज विचारतात, "काय, तुमच्या बाळांचा निकाल?" ताई त्यांना डोळे दाखवते.

३ मे, मंगळवार

बाकीच्या रांगांत मुगाएवढी फळं. लाल लोकरीच्या माझ्या रांगेत: पहिल्या फांदीवर काही नाही. हात लावला की पिवळा पडलेला देठ गळतो. दुसरीवर काही नाही. पुढच्या बघवल्या नाहीत. इशिई-सान मागून आले, मी तिथेच आहे म्हणून आल्या वाटेने परत गेले.

कुमिको-सान म्हणाली, बाबा सारखं विचारतात तुझं विमान कधी. आता एवढं तर मलाही समजतं.

घरी आले आणि बॅग काढली. ताईने ती परत कपाटावर ठेवली. "अजून अवकाश आहे," म्हणाली.

८ मे, रविवार

ताईच बरोबर आली. म्हणाली, बघू तरी. तिच्या रांगेत फळं आहेत. गुच्छच्या गुच्छ, भरून, शेवटच्या फांदीपर्यंत. तिने एकही फूल सोडलं नव्हतं. पराग जिवंत होता.

म्हणजे माझ्या रांगेतलं जे गेलं, ते पुडीमुळे गेलं नाही.

तरी मधेच, त्या सुरवंटाच्या अलीकडे, माझ्याही तीन-चार फांद्या धरल्यात. मी खाली बसले. ताई शेजारी बसली. म्हणाली, "तू नव्हतीस तेव्हा मी रविवारी काय करायचे माहितेय? धुणं. एका घरचं धुणं असतं किती."

मला वाटलं, ती धुण्याबद्दल बोलतेय. म्हटलं, मशिन आहे ना. ती हसली.

१५ मे, रविवार

आज विरळणी. एका गुच्छात एकच फळ ठेवायचं, बाकीची कात्रीने उडवायची. नाहीतर सगळीच खुजी राहतात.

इशिई-साननी मला माझ्याच फांदीखाली उभं केलं आणि बारीक कात्री हातात दिली. पाच फळं, अंगठ्याच्या नखाएवढी, केसाळ. मेली समजलेल्या पुडीतून, निर्माल्यातून, कोतात्सूतून आलेली. आता मीच कापायची? मी कुमिको-सानला म्हटलं, ही फांदी राहू द्या ना अशीच. तिने सांगितलं. इशिई-साननी मान हलवली, नाही. बोटाने एक दाखवलं. खालून तिसरं, देठ लांब, तोंड खाली. हे.

चार कापली. कात्रीचा आवाज अगदी बारीक येतो. मग पुढचा गुच्छ. पुढचा. ती फांदी मी पूर्ण केली, मध्ये कुठे गेले नाही. कोणीतरी कुंपणापलीकडून हाक मारत होतं, बघितलं नाही.

शेवटी त्यांनी लाल लोकर सोडली आणि त्या जागी प्लास्टिकची चिठ्ठी बांधली, पेनाने काहीतरी लिहून. बरोबर आलेल्या ताईने वाचलं. "तुझं नाव आहे. नुपुरु." मी विचारलं, कशाला? मी तर शुक्रवारी जातेय. कुमिको-सान म्हणाली, ऑगस्टमध्ये पिकतील. बाबा म्हणतात, तोपर्यंत व्हिसा परत मिळतो का ते विचार. विमान कधी ते सारखं विचारत होते तेही त्यासाठीच, जायच्या आधी तुझ्याकडून विरळणी करून घेता यावी म्हणून.

वादळात गळलं तर, एवढंच विचारलं.

"गळेल," इशिई-सान म्हणाले. हा शब्द मला जपानीतच कळला.

कापलेली फळं मी खिशात घातली होती. ताईने बसस्टॉपवर पाहिली. "विमानात नेऊ देणार नाहीत."

"कचऱ्यात टाकू?"

तिने रुमालात बांधून घेतली. "दे. शनिवारी मी येणार आहे, झाडाखाली घालते. आता रस्ता माहितेय मला."

बस आली तर तीच आधी चढली, आणि खिडकीची जागा घेतली, बागेकडची.